ठेकेदार म्हणतो "तुम्ही जाऊन या", पण कोणत्या आठ दिवसांत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलांना उन्हाळ्याची सहा आठवडे सुट्टी आहे. तेवढ्यात दोन न्हाणीघरं नव्याने करायची, स्वयंपाकघराचा ओटा आणि कपाटं बदलायची, दोन खोल्या रंगवायच्या आणि त्यांच्या लाकडी दारांना पॉलिश करायचं. घरात नवरा-बायको, सासूबाई, दहा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. दुसरीकडे भाड्याने राहणं जमणार नाही. आठ दिवसांची सहलही ठरली आहे, तारखा अजून मोकळ्या आहेत. ठेकेदाराचं म्हणणं, "तुम्ही जाऊन या, आल्यावर तयार घर मिळेल." जावं का?

जरूर जा. फक्त तारखा ठेकेदाराच्या सोयीने ठरवू नका, काम कुठवर आलंय ते बघून ठरवा. गेली बावीस वर्षं मी राहत्या घरांच्या कामांवर देखरेख करते. मालक बाहेर असताना बिघडलेली कामं जवळपास एकाच जातीची असतात: जे नंतर भिंतीआड किंवा फरशीखाली जातं ते. रंगाची छटा चुकली तर दिसते आणि दुसरा हात मारता येतो. पाइपाचा सांधा चुकला तर तो टाइलमागे गपचूप बसतो आणि दोन वर्षांनी खालच्या घराच्या छतावर ओल होऊन उगवतो.

हे मी स्वतःच्या घरी शिकले, तेही या धंद्यात असून. न्हाणीघराचं प्लंबिंग चालू असताना दोन दिवस बाहेरगावी गेले. प्लंबरने शॉवरची उंची कच्च्या स्लॅबपासून मोजली. वर वॉटरप्रूफिंग, त्यावर कोबा (फरशीखालचा काँक्रीटचा थर), त्यावर टाइल असा थर चढत गेला, जमीन चारेक इंच वर आली आणि शॉवर तेवढाच खाली आला. मी परतले तेव्हा टाइल लागून गेली होती. माझा नवरा नऊ वर्षं मान वाकवून अंघोळ करतोय आणि पाहुण्यांना कारणासकट सांगतोय.

म्हणून घर सोडायचं नाही असे दिवस आधी कॅलेंडरवर खुणेने बांधून घ्या. पहिला, भिंतीत खाचा मारून पाइप आणि वायरिंगची नळी टाकतात तो. नळ, शॉवर, बेसिन यांच्या उंच्या तयार फरशीपासून मोजायच्या. त्यासाठी तयार फरशीची रेघ सुरुवातीलाच भिंतीवर पेन्सिलने मारून घ्या आणि सगळ्या कारागिरांना तीच रेघ वापरायला सांगा. खाचा बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, फोटोत मोजपट्टी धरलेली असू द्या. पुढे कधी आरसा टांगायला भोक पाडाल तेव्हा हा फोटो कामाला येतो. पाइपात पाणी भरून हातपंपाने दाब द्यायचा आणि निदान रात्रभर तसाच ठेवायचा. सकाळी पंपावरचा दाबाचा काटा उतरलेला असेल तर सांधा गळतोय. प्लंबर म्हणेल, "ताई, हवा अडकली असेल." असेलही. मग हवा काढून पुन्हा एक रात्र.

दुसरा, वॉटरप्रूफिंगचा. दोन हात एकमेकांना आडवे-उभे मारले जातात का, कोपऱ्यात आणि पाइपाभोवती जाळी घालून गोलाई केली का, जमिनीवरून भिंतीवर फूटभर आणि शॉवरच्या भागात त्याहून बरंच वर नेलं का, हे डोळ्यांनी पाहायचं. मग थर वाळल्यावर ट्रॅपचं (जमिनीतून सांडपाणी जातं त्या भांड्याचं, ज्यात साठलेलं पाणी गटाराचा वास अडवतं) तोंड बंद करून दोनेक इंच पाणी साठवायचं आणि निदान २४ तास, जमलं तर ४८ तास ठेवायचं. पातळीची खूण भिंतीवर करा. उन्हाळ्यात थोडं पाणी उडून जातं, त्याने घाबरू नका. तुलनेसाठी त्याच खोलीत एका उथळ घमेल्यात पाणी ठेवा. घमेल्यातलं जेवढं उतरलं तेवढंच न्हाणीघरातलं उतरलं असेल तर ते हवेनेच प्यायलं. खालच्या मजल्यावर जाऊन छत बघायचं ते वेगळंच. आठ दिवसांची सहल याच टप्प्यावर टाकावी असं बऱ्याच जणांना वाटतं, कारण घरात "काहीच चालू नसतं". पण दुसऱ्या दिवशी खाली जाऊन छताला हात कोण लावणार?

तिसरा, टाइल लावायचा पहिला दिवस. पहिली ओळ आणि उतार जमले की पुढचं काम त्याच वळणावर जातं. उतार ट्रॅपकडे, दर मीटरला साधारण एक सेंटिमीटर. गवंड्याला लेव्हल लावून दाखवायला सांगा, आणि मग गोटी टाका. गोटीला कुणाची भीड नसते.

उन्हाळ्यातल्या टाइलकामाची एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण कोरड्या गरम हवेत ती हमखास चुकते. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या मालावर ती नीट धरत नाही, तिला टाइल चिकटवायचा खास माल, म्हणजे अ‍ॅडहेसिव्ह लागतं. अ‍ॅडहेसिव्ह भिंतीवर पसरल्यावर साधारण वीस मिनिटांत त्यावर साय धरते, उन्हाळ्यात त्याहून लवकर. साय धरलेल्या मालावर लावलेली टाइल त्या दिवशी घट्ट वाटते आणि पहिल्या वर्षात पोकळ वाजायला लागते. बोट लावून बघा: माल बोटाला चिकटला नाही तर तो खरवडून टाकायचा, वरून पाणी शिंपडून जिवंत करायचा नाही. गवंड्याला एका वेळी चार-पाच टाइलपुरताच माल पसरायला सांगा. कुरकुर होईल, होऊ द्या.

प्लास्टरचंही तसंच. सिमेंट वाळून कडक होत नाही, पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने होतं. ते पाणी उन्हाने आधीच ओढून घेतलं की बारीक भेगांचं जाळं पडतं. निदान सात दिवस, हवा फार कोरडी असेल तर दहा दिवस पाणी मारायचं. उन्हाच्या बाजूची भिंत असेल तर गोणपाट भिजवून टांगायचं. हे काम कुणालाच आवडत नाही, कारण त्यात केल्याचं काही दिसत नाही. तुमच्या दहा वर्षांच्या मुलीला द्या. सकाळ-संध्याकाळ झारीने भिंत भिजवणं हा सुट्टीतला उत्तम उद्योग आहे, आणि पाणी चुकलं की गवंड्याला विचारणारं कुणीतरी घरात तयार होतं.

आता वेळापत्रक. सहा आठवड्यांत तुमची यादी बसत नाही, हे आधी मान्य करू. एका न्हाणीघराला तोडफोडीपासून नळ बसेपर्यंत अडीच ते तीन आठवडे लागतात, आणि ते सुस्तीमुळे नाही. मध्ये वाळण्याचे, पाणी साठवून बघण्याचे, ग्राउट (टाइलांच्या फटीत भरायचा माल) धरण्याचे दिवस असतात, ते कारागीर वाढवून कमी होत नाहीत. दोन्ही न्हाणीघरं एकदम फोडली तर वेळ वाचतो खरा, पण घरात राहून ते करायचं नाही. सासूबाई रात्री दोनदा उठत असतील तर मुळीच नाही. एक पूर्ण झालं, त्यात चार दिवस अंघोळी झाल्या, ट्रॅप तुंबत नाही हे कळलं, की मगच दुसरं फोडायचं. म्हणजे साडेपाच आठवडे तरी इथेच गेले. ओटा आणि कपाटं या सुट्टीतून काढून टाका. हे ऐकायला वाईट वाटेल. पण अंघोळीची अडचण आणि चुलीची अडचण एकाच वेळी झाली की तिसऱ्या आठवड्यात भांडणं टाइलच्या रंगावरून सुरू होतात आणि भलतीकडेच जातात. मी अशी घरं पाहिली आहेत.

सहल टाकायची ती शेवटच्या टप्प्यावर, सुट्टीच्या थोडी पुढे सरकली तरी: खोल्यांचा रंग आणि दारांचं पॉलिश. या कामात लपून राहण्यासारखं फार काही नसतं आणि घरात माणसं नसलेलीच बरी, विशेषतः तीन वर्षांचं मूल. आजचे पाण्यातले रंग पूर्वीच्या मानाने सौम्य आहेत. तासाभरात हाताला लागत नाहीत, चारेक तासांनी दुसरा हात देता येतो. पण लाकडाचं पॉलिश, थिनर आणि नव्या प्लायवूड-एमडीएफच्या (लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळ्या) डिंकातून निघणारं फॉर्माल्डिहाइड यांचा त्रास उन्हाळ्यात जास्त होतो, कारण उष्णतेने हे वायू जोराने सुटतात. चौकशी करताना "वास येतो का" हे विचारू नका, डब्यावर व्हीओसीचा (हवेत सुटणाऱ्या रसायनांचा) आकडा आणि प्लायवूडवर उत्सर्जनाची श्रेणी विचारा.

मात्र नव्या प्लास्टरवर घाईने रंग नको. ते महिनाभर तरी वाळू द्यावं लागतं. शंका असेल तर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर रात्रभर ठेवा. सकाळी आतून दवासारखं पाणी दिसलं तर भिंत अजून ओली आहे. तुमच्या खोल्यांचं प्लास्टर जुनंच आहे, त्यामुळे तिथे हरकत नाही. न्हाणीघराच्या दाराभोवती जी नवी पट्टी लिंपली जाईल ती मात्र तशीच सोडून द्या. दोन महिन्यांनी तेवढीच रंगवा.

जुनं घर असेल तर आणखी एक. रंगाचे थरावर थर चढलेले असतात आणि खालच्या थरात शिसं असू शकतं. अमेरिकेने घरात वापरायच्या शिशाच्या रंगांवर १९७८ मध्ये बंदी आणली, अनेक देशांत ती पुष्कळ उशिरा आली. लहान मुलांच्या बाबतीत शिशाची निर्धोक अशी कुठलीच मात्रा माहीत नाही. म्हणून जुना रंग कोरडा घासायचा नाही. ओला करून खरवडायचा, पोपडे पिशवीत भरायचे, आणि त्या दिवशी मुलगा घरात नको. जुने सिमेंटचे पत्रे किंवा पाइप निघाले तर त्यांना हातोडा किंवा ड्रिल लावण्याआधी काम थांबवा. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुफ्फुसात गेली की राहते. ते काढणारी माणसं वेगळी असतात.

धुळीकडेच येते, कारण घरात राहून काम करताना खरा त्रास तिचा. एक खोली पहिल्या दिवसापासून "काम बंद" खोली ठरवा. दाराला बाहेरून जाड प्लास्टिकचा पडदा, खालच्या फटीत ओला टॉवेल, आत सगळ्यांच्या गाद्या, औषधं, मुलांची पुस्तकं. कारागिराने तिथे पाय ठेवायचा नाही, सामान ठेवायला "पाच मिनिटंसुद्धा" नाही. टाइल कापणं शक्यतो घराबाहेर आणि पाण्याच्या धारेखाली. कोरडी कापली की सिलिकाची धूळ उडते. डोळ्यांना दिसते ती खाली बसते, न दिसणारी तासन्‌तास हवेत तरंगते आणि तीच घातक. कापणाऱ्याला एन-९५ मास्क तुम्ही आणून द्या, तो स्वतःहून आणणार नाही. संध्याकाळी केरसुणी फिरवू नका, ओल्या फडक्याने पुसा. कापाकापी चालू असताना एसी आणि पंखे बंद.

मूल तीन वर्षांचं आहे म्हणून मला सगळ्यात काळजी करवतीची नाही, बादलीची आहे. पाणी मारायला भरून ठेवलेलं पिंप, टाइल भिजवायची टाकी, पाणी साठवलेलं न्हाणीघर. एवढं मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं, आणि आवाज होत नाही. संध्याकाळी कारागीर गेले की सगळी भांडी उपडी करायची, न्हाणीघराला बाहेरून कडी. सासूबाईंसाठी अंथरुणापासून चालू न्हाणीघरापर्यंतची वाट रोज रात्री मोकळी करा आणि तिथे एक बारीक दिवा चालू ठेवा. माझ्या अनुभवात राहत्या घरातले अपघात कामाच्या वेळी कमी झाले, रात्री वाटेत राहिलेल्या पाइपच्या तुकड्यावर जास्त.

तोडफोडीचे दोन-दोन दिवस असे चार दिवस निघतील. त्या दिवशी मोठ्यांपैकी एकाने घरी थांबायचं, बाकीच्यांनी सकाळीच बाहेर पडायचं. हीसुद्धा सहलच, फक्त एका दिवसाची. संग्रहालय, वाचनालय, कुणा नातेवाइकांचं घर अशी सावलीतली जागा दुपारसाठी धरा. नदी-तलाव-डोंगर सकाळी किंवा कलत्या उन्हात. दहा ते चार उघड्यावर नको. पोहायला नेलंत तर पाण्यातल्या मुलावर नजर ठेवायची पाळी एका वेळी एकाच मोठ्या माणसावर नावाने टाका, "आम्ही सगळे बघतोय" म्हणजे कुणीच बघत नसतं. आणि उन्हात उभ्या गाडीत मुलाला "आलोच" म्हणून सोडू नका, काच खाली करूनही नाही. बंद गाडी पहिल्या दहा मिनिटांतच साधारण दहा अंशांनी तापते. कुणी उन्हाने बरळायला लागलं, अंग तापलं, तर पाण्याने आणि वाऱ्याने अंग थंड करत करत दवाखाना गाठायचा.

निघायच्या आदल्या दिवशी अर्धा दिवस घरासाठी राखा. रंगाचे शेड क्रमांक कागदावर लिहून प्रत्येक खोलीच्या भिंतीला चिकटवा, फोनवरचा निरोप चालत नाही. प्रत्येक भिंतीवर दोन फुटांचा नमुना मारून घेऊन तो सकाळी आणि दिव्याखाली बघून घ्या. किमती वस्तू आणि कागदपत्रं घरात ठेवूच नका. कारागिरांवर संशय म्हणून नव्हे, पुढे त्यांच्यावर संशय यायची वेळ येऊ नये म्हणून. ओळखीच्या एका माणसाला रोज ठरलेल्या वेळी येऊन चार फोटो पाठवायला सांगा. रंगाऱ्यांना पाणी लागेल तेवढा एक नळ सोडून बाकीचे कॉक बंद. वापरात नसलेल्या नहाणी ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतून वर चमचाभर तेल सोडा. तेलाची साय पाणी उडू देत नाही, नाहीतर ट्रॅप कोरडा पडून गटाराचा वास आणि झुरळं थेट नव्या न्हाणीघरात.

आणि पॉलिशवाल्याच्या चिंध्या. जवसाच्या तेलाने किंवा तसल्या वाळणाऱ्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून टाकल्या तर त्या आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. काडी लागत नाही. उन्हाळा, बंद घर, कोपऱ्यात थिनरचा डबा, आणि तुम्ही शेकडो किलोमीटरवर. चिंध्या रोज संध्याकाळी मोकळ्या जागेत पसरून वाळवायच्या किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घालायच्या. ही एक अट मी लेखी घेते, आणि रोजच्या चार फोटोंपैकी एक त्या डब्याचा मागवते.

पैशांचं एवढंच: हप्ते तारखांना बांधू नका, टप्प्यांना बांधा. पाणी साठवून बघितलं आणि टिकलं, मग हप्ता. सहलीला निघताना "पुढचंही देऊन जा" असं म्हटलं जाईल, तेव्हा रंगाच्या सामानापुरते द्या. शेवटचा दहावा हिस्सा तुम्ही परत येऊन दारं लावून-उघडून बघेपर्यंत तुमच्याकडेच राहू द्या.

परतताना सगळे एकदम घरात शिरू नका. जमल्यास दोघांपैकी एकाने काही तास आधी यावं, सगळ्या खिडक्या उघडाव्यात, प्रत्येक नळाची जाळी काढून पाणी दोन-चार मिनिटं सोडावं. नव्या लाइनीतली वाळू आणि टेपचे तुकडे जाळीत अडकतात आणि मग "नळच खराब" म्हणून तक्रार होते. गीझर आणि शॉवरमधलं साचलेलं पाणीही वाहून जाऊ द्यावं. मग तिरप्या उजेडात, म्हणजे टॉर्च भिंतीला टेकवून, रंग बघावा. समोरून गुळगुळीत दिसणारी पुट्टी त्यात लाटांसारखी दिसते. दारांच्या चहूबाजूंनी दोन-तीन मिलिमीटर फट आहे ना? कोरड्या हवेत लाकूड आक्रसलेलं असतं. आत्ता चपखल बसणारं दार पावसाळी हवेत फुगून अडकणार आणि सुतार येऊन नवं पॉलिश रंध्याने उडवणार. रंग वरून वाळला तरी पक्का व्हायला दोन-चार आठवडे घेतो, तोवर कपाटं भिंतीपासून हातभर पुढे आणि भिंत धुवायची नाही.

मुलांच्या खोलीतून अजून वास येत असेल तर त्यांना आणखी तीन-चार रात्री त्या "काम बंद" खोलीतच झोपवा, नव्या खोलीच्या खिडक्या तेवढ्या दिवसभर उघड्या ठेवा. मुलगी कुरकुर करेल, तिला नव्या खोलीची घाई असणार. तिला सांगा की दाराभोवतीची ती न रंगवलेली पट्टी दोन महिन्यांनी तिनेच रंगवायची आहे. रंगाचा उरलेला डबा झाकण घट्ट लावून, शेड क्रमांक लिहून तिच्यासाठी ठेवा.